रोजकीर्द आणि स्मरण : नोंद ठेवण्याच्या एका निवडीचा इतिहास

संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या कोणत्याही व्यवहाराची उभारणी करू लागले म्हणजे आरंभीच एक प्रश्न सोडवावा लागतो : नोंद ठेवावयाची ती कोठे? आज ह्या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले, क्लाउडमध्ये भाड्याने घेतलेला रिलेशनल डेटाबेस. ह्यात माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडलेली असते, ती चकतीवर कायम लिहिली जाते, आणि यंत्राची देखभाल, दुरुस्ती व प्रती काढणे ही कामे पुरवठादार कंपनी करते. दुसरे उत्तर इन-मेमरी साठ्याचे. ह्यात सर्व माहिती यंत्राच्या क्षणिक स्मृतीत राहते. ती विलक्षण वेगाने हाती येते; मात्र वीज गेली की, वेगळी तजवीज केलेली नसल्यास, तीही जाते. अभियंते ह्या दोहोंतील निवड वेग व खर्च ह्यांच्या हिशेबाने करतात. प्रस्तुत लेखात ती इतिहासाच्या अंगाने तपासावयाची आहे. कारण ही निवड संगणकाहून पुष्कळ जुनी असून आपल्या बाजारपेठांनी व दफ्तरांनी ती पूर्वीच करून ठेविली आहे, असे आमचे मत आहे.

दोंडाईच्यासारख्या मिरचीच्या व्यापारासाठी नावाजलेल्या पेठेत मालाचा उघड लिलाव कसा होतो हे ज्याने पाहिले आहे त्यास ही गोष्ट सहज पटेल. ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, बोली चढत जाते. दहा-बारा आकडे काही क्षणांत उच्चारले जातात आणि विरतात. ते कोणी लिहून घेत नाही. पुकारणाऱ्याने शेवटचा आकडा व तो बोलणाऱ्याचे तोंड एवढेच ध्यानात ठेवावयाचे असते. सौदा तुटला की मात्र तो तत्काळ कागदावर येतो : शेतकऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, भाव, आणि काटा झाल्यावर वजन. पुसली गेली तरी ज्यावाचून कोणाचे नुकसान होत नाही ती बोली स्मृतीत राहते. आणि ज्यावर शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते तो सौदा लेखात जातो. प्रत्येक बोली लिहीत बसले तर लिलाव संध्याकाळपर्यंत संपावयाचा नाही. सौदाही तोंडीच ठेवला तर दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेले.

दुकानातील वह्यांकडे वळले तर हीच व्यवस्था अधिक शास्त्रशुद्ध रूपात आढळते. कच्च्या टिपणावरून व्यवहार पक्क्या रोजकीर्दीत उतरावयाचा, आणि रोजकीर्दीवरून खतावणीत. रोजकीर्द काळाच्या क्रमाने चालते. ज्या दिवशी जे घडले ते त्या दिवशी, एकाखाली एक. खतावणी खात्याच्या क्रमाने चालते. एका असामीचे जमा व नावे एका ठिकाणी दिसावे हा तिचा हेतू. रोजकीर्दीत खाडाखोड करावयाची नाही, चूक झाली असेल तर उलट नोंद घालून ती फिरवावयाची, हा जुन्या कारकुनांचा दंडक होता. त्यामागील विचार सूक्ष्म आहे. खतावणी जळाली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. परंतु रोजकीर्द गेली आणि केवळ खतावणी उरली, तर शिल्लक कळते पण ती कशी झाली हे कळत नाही.

येथे एक भाषिक टीप अस्थानी ठरू नये. फार्सी ‘याद’ ह्या शब्दाचा अर्थ स्मरण. मराठीत आल्यावर त्याच शब्दाला लेखी टिपणाचा अर्थ चिकटला, आणि ‘यादी’ हा शब्द तर आज केवळ लिहिलेल्या क्रमवारीसाठीच आपण योजतो. स्मरणाचा वाचक शब्द कागदाचा वाचक व्हावा ह्यात राज्यकारभाराच्या वाढीचा एक अख्खा अध्याय सामावलेला आहे. ‘दफ्तर’ शब्दाची कथा उलट बाजूने सुरू होते. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील चामड्याच्या वाचक शब्दात आहे, म्हणजे तो प्रथमपासूनच टिकाऊ पृष्ठभागाचा शब्द होय. संगणकीय परिभाषेत ‘मेमरी’ हा शब्द नेमका नश्वर साठ्यासाठी रूढ झाला हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

आता संगणकाकडे. १९७० साली आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड ह्यांनी माहितीसंग्रहाची संबंधाधिष्ठित मांडणी सुचविणारा निबंध प्रसिद्ध केला. माहिती कोणत्या वाटेने शोधावयाची हे साठवणीच्या रचनेवर अवलंबून राहू नये, ती कोष्टकांत मांडावी व कोष्टकांच्या संबंधांवरून हवा तो प्रश्न विचारता यावा, हे त्याचे सार. ह्या कल्पनेला व्यवहारात उभे करताना जी अडचण आली ती मात्र रोजकीर्दीचीच होती. व्यवहार अर्धवट असताना यंत्र बंद पडले तर काय? उपाय असा निघाला की कोष्टकात बदल करण्यापूर्वी त्या बदलाची क्रमवार नोंद वेगळ्या वहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, करावी, यंत्र पुन्हा सुरू झाले की ती वही वाचून कोष्टके जुळवून घ्यावीत. ह्या पद्धतीला पक्के शास्त्रीय रूप देणारा ‘एरीज’ हा निबंध १९९२ सालचा असून त्याचे प्रमुख लेखक सी. मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी होत. आधी कीर्द, मग खतावणी! आमच्या पेढ्यांवरील कारकुनास ह्यात नवे काही वाटले नसते.

ह्या शिस्तीची किंमत वेळात मोजावी लागते. स्मृतीतील माहिती नॅनोसेकंदांच्या शंभरीत हाती येते. फिरत्या चकतीवरील माहितीस काही मिलिसेकंद, म्हणजे कित्येक हजारपट वेळ लागतो. एकच पान लाखो लोक एकाच वेळी मागू लागल्यावर हा फरक असह्य झाला. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक ह्यांनी ‘मेमकॅश्ड’ रचले. त्याची प्रतिज्ञा साधी होती : हे विसरले तरी चालेल, मूळ प्रत डेटाबेसात आहे. २००९ मध्ये सिसिलीतील साल्वातोरे सानफिलिप्पो ह्यांनी ‘रेडिस’ प्रसिद्ध केले. हे नाव ज्या शब्दांच्या आद्याक्षरांतून झाले त्यांत ‘कोश’ हा शब्द आहे, ह्याचे कोणाही भाषाभ्यासकास कौतुक वाटावे. शब्द दिला की अर्थ मिळावा, तसे येथे किल्ली दिली की मूल्य मिळते. रेडिसने स्मृतीला थोडी लेखनाची सवयही लाविली. ठराविक काळाने संपूर्ण चित्र चकतीवर उतरविणे किंवा प्रत्येक बदल एका वहीत जोडत जाणे, असे दोन मार्ग त्यात आहेत. दुसऱ्या मार्गात वही चकतीवर पक्की करण्याचे काम रूढ मांडणीनुसार सेकंदाला एकदा होते. अर्थात यंत्र अकस्मात कोसळल्यास सुमारे एका सेकंदातील व्यवहार हरवू शकतात. एक सेकंद म्हणजे किती, ह्याचे उत्तर कोणत्या व्यवहाराचा सेकंद ह्यावर अवलंबून आहे. त्याच २००९ सालच्या ऑक्टोबरात ॲमेझॉनने देखभालीसह भाड्याने मिळणारा रिलेशनल डेटाबेस बाजारात आणला. दोन्ही उत्तरे एकाच वर्षी सामान्य उभारणीकाराच्या हाती आली.

आपल्या देशात ही निवड सर्वांत मोठ्या प्रमाणावर करावी लागली ती रेल्वेस. तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ मार्गावरील दोंडाईचा स्थानकाचे उदाहरण घ्या. आरक्षण जेव्हा हाताने होत असे तेव्हा प्रत्येक गाडीची, प्रत्येक दिवसाची स्वतंत्र नोंदवही असे. ती गाडी सुटण्याच्या ठिकाणी. मधल्या स्थानकांच्या वाट्यास ठराविक कोटा येई, आणि त्यापलीकडे जागा हवी असल्यास तार करून उत्तराची वाट पाहावी लागे. नोंदवही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असे, आणि एकच जागा दोघांना दिली जाऊ नये ह्याची तीच हमी होती. १९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे ‘इम्प्रेस’ ही संगणकीय आरक्षणव्यवस्था सुरू झाली. पुढे रेल्वेच्या ‘क्रिस’ ह्या संस्थेने ‘कन्सर्ट’ ही व्यवस्था सिद्ध केली. ती १९९४ मध्ये सिकंदराबादेस प्रथम लागू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांस जोडली गेली. कोठल्याही खिडकीवरून कोठल्याही गाडीची जागा मिळू लागली. ही व्यवस्था ओपनव्हीएमएस प्रणालीवर उभी असून ती कॉड ह्यांच्या अर्थाने नमुनेदार रिलेशनल म्हणता येणार नाही. आपल्या विवेचनास त्याने बाध येत नाही. कारण व्यवहार पुरा व्हावा किंवा मुळीच होऊ नये, आणि झालेला पुसला जाऊ नये, ही शिस्त तिने पूर्णपणे पाळली.

२००२ च्या ऑगस्टमध्ये आय. आर. सी. टी. सी.ने इंटरनेटवरून तिकिटे देण्यास आरंभ केला आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. खिडकीपुढील रांग स्वतःच गर्दीस आवर घालीत असे. घरबसल्या मागणी करणाऱ्यांस तो आवर उरला नाही. विशेषतः तत्काळ तिकिटांच्या वेळी सारा देश एकाच मिनिटास दारावर येऊन उभा राही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये नवी व्यवस्था सुरू झाली. मिनिटास सुमारे २,००० तिकिटांची पूर्वीची क्षमता ७,२०० वर, आणि एकाच वेळी सामावणाऱ्या वापरकर्त्यांची संख्या ४०,००० वरून १,२०,००० वर नेण्याचे तिचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. ह्या बदलात ‘जेमफायर’ हा इन-मेमरी साठा योजला गेला.

येथे नेमके काय केले गेले हे नीट पाहिले पाहिजे, कारण ‘रेल्वेने डेटाबेस सोडून स्मृती स्वीकारली’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. आसनांचा अंतिम ताबा जुन्या आरक्षणव्यवस्थेकडेच राहिला. स्मृतीकडे सोपविण्याजोगे ते आनुषंगिक व्यवहार, म्हणजे वापरकर्त्याची ओळख धरून ठेवणे आणि पुनःपुन्हा होणाऱ्या विचारपुशीस उत्तर देणे. तिकीट काढणाऱ्यापेक्षा नुसते पाहून जाणारे पुष्कळ अधिक. त्यांस मूळ वहीपर्यंत जाऊ दिले तर खऱ्या गिऱ्हाइकाची वाट अडते. जून २०१५ मध्ये वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण दहा वाजता व इतर वर्गांचे अकरा वाजता असे विभागले गेले. म्हणजे यंत्र वाढविल्यावरही रांग पांगविण्याचा जुना उपाय सोडता आला नाही. पडद्यावर जागा शिल्लक दिसते आणि पैसे भरेपर्यंत हाती प्रतीक्षायादीतील क्रमांक येतो, हा अनुभव सर्वपरिचित आहे. त्यास लबाडी समजणे चूक ठरेल. पाहणे आणि घेणे ह्यांच्यामध्ये जो अवकाश असतो त्यात दुसऱ्या कोणाची बोली चढलेली असते.

निवडीची दुसरी बाजू ‘क्लाउड’ ह्या शब्दात दडलेली आहे, आणि तिची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. नोंद टिकाऊ असणे निराळे आणि ती आपल्या ताब्यात असणे निराळे. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. रुमालांत बांधलेले कागद नष्ट झाले नाहीत. ते जपले गेले, लावले गेले. आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासावयास घेतले तेव्हा हेच दफ्तर पुराव्यादाखल उघडले गेले. घरातील सनद व सरकारातील नोंद जुळली नाही तर घरातील सनदेचा पाड लागत नसे. ह्याच्या उलट, वि. का. राजवाडे ह्यांनी घरोघर हिंडून जे कागद जमविले, ज्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यांनी हे दाखविले की पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असली म्हणजे सरकारी दफ्तरावरच विसंबून राहावे लागत नाही. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यास स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ हे खानदेशाच्या वाट्यास आलेले अशा दुसऱ्या प्रतीचे घर होय. क्लाउडमधील डेटाबेस घेताना पुरवठादार दुसऱ्या इमारतीत प्रत ठेवतो हे खरे; पण दोन्ही इमारतींच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात.

शेतजमिनीच्या कागदांतही ह्या विवेचनाचा पडताळा मिळतो. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, ती कीर्द. सातबारा हा तिच्यावरून सिद्ध होणारा आजचा देखावा, ती खतावणी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला, ही सोय लहान नव्हे. मात्र वाद उत्पन्न झाला की वकील प्रथम जुने फेरफार मागतो. देखावा कितीही जलद मिळाला तरी न्यायालयास त्यामागचा क्रम हवा असतो.

आता आपल्या विद्याक्षेत्रापुरते. समजा एखाद्या विभागाने अहिराणीचा शब्दसंग्रह हाती घेतला. एक शब्द अनेक गावांत, एका गावात अनेक उच्चार, एका निवेदकाकडून शेकडो शब्द. ही माहिती स्वभावतःच परस्परसंबद्ध कोष्टकांची आहे आणि ती एकदा हरवली तर पुन्हा मिळण्याची शाश्वती नाही, कारण निवेदक वयोवृद्ध असतात. तिच्यासाठी रिलेशनल डेटाबेसच हवा. शोधपेटीत दोन अक्षरे टंकताच पुढील शब्द सुचवावयाचे असतील तर तेवढ्यापुरता इन-मेमरी साठा जोडावा. तो कोसळला तर मूळ कोष्टकांवरून पुन्हा भरता येतो. पण शब्दसंग्रहाच्या आकाराचा विचार करता अशा साठ्याची गरज बहुधा भासणारच नाही. काही हजार शब्दांची कोष्टके डेटाबेस स्वतःच आपल्या स्मृतीत धरून ठेवतो, आणि वेगाच्या हौसेपायी दुसरे यंत्र भाड्याने घेण्याचे प्रयोजन राहत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. प्रकल्पाचे अनुदान मार्चअखेर संपते, क्लाउडचे भाडे एप्रिलमध्येही द्यावे लागते. म्हणून प्रकल्पाच्या आराखड्यातच दर महिन्यास सर्व कोष्टकांची साधी मजकूररूप प्रत काढून ती विभागात व अन्य एका ग्रंथालयात ठेवण्याची तरतूद असावी, आणि निवेदकाचे नाव, गाव व संमती ह्यांची नोंद त्या प्रतीत कोणास पाहावयास मिळेल हेही आधीच ठरलेले असावे. ध्वनिमुद्रणांचा आकार मोठा असल्याने त्यांची व्यवस्था स्वतंत्रपणे लावावी लागेल. ती डेटाबेसात कोंबू नयेत, तेथे केवळ त्यांचा क्रमांक व ठावठिकाणा नोंदवावा.