किल्ले अर्कातली उर्दू आणि खासरा पत्रकातला कुणबी

जून उजाडला की मला हमखास मेसेज येतात : पोरगी कॉलेजला चाललीये, सेकंड लँग्वेज कोणती घेऊ दे, स्कोअरिंग कोणती? मी सॉफ्टवेअरवाला, मला हे का विचारतात कोण जाणे. आमच्या अकरावीत तर निम्म्या वर्गानं मराठी सोडून आयटी घेतलं होतं, कारण तिथे मार्क पडतात. पण आपल्या शहरात या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो मार्कांच्या हिशोबात बसत नाही. आजचा भाग त्यावर.

किल्ले अर्काच्या परिसरातलं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय, ज्याला आपण गव्हर्नमेंट कॉलेज म्हणतो, ते १९२३ साली उस्मानिया विद्यापीठाचं इंटरमीजिएट कॉलेज म्हणून सुरू झालं. उस्मानिया म्हणजे निजाम मीर उस्मान अली खान यांचा प्रयोग. १९१७ मध्ये फर्मान निघालं, १९१९ मध्ये हैदराबादला वर्ग भरले. गणित, विज्ञान, कायदा, पुढे वैद्यकसुद्धा, सगळं उर्दूतून, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. पाठ्यपुस्तकंच नव्हती, म्हणून दारुत्तर्जुमा नावाचं भाषांतर खातं उघडून ती तयार करून घेतली. आज इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायचं म्हटलं की 'शब्द कुठून आणणार?' असं विचारतात. शब्द असे आणतात, खातं उघडून आणि पगार देऊन. या कामाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता दुसरी बाजू. देशी भाषा खरी, पण कोणाची? संस्थानात तेलुगू बोलणारे जवळपास निम्मे, मराठी बोलणारे साधारण चौथाई, आणि उर्दू मातृभाषा असलेले दहात एकाच्या आसपास. म्हणजे पैठणच्या किंवा कन्नडच्या पोरानं घरी मराठी बोलायची, वर्गात उर्दू ऐकायची आणि पेपर इंग्रजीचाही द्यायचा. उर्दू त्याच्यासाठी निवडायचा विषय नव्हता, आत शिरायचं दार होतं. त्याचा राग साठत गेला. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून वसतिगृहांत आंदोलन पेटलं, विद्यार्थी काढले गेले, आणि त्यातले बरेच जण नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले.

गंमत म्हणजे या कॉलेजचे सुरुवातीचे प्राचार्य होते मौलवी अब्दुल हक, ज्यांना उर्दू जग 'बाबा-ए-उर्दू' म्हणतं. उर्दूसाठी आयुष्य वाहिलेला माणूस. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही त्यांची संस्था १९३८ मध्ये दिल्लीला हलेपर्यंत आपल्याच शहरातून चालायची. आणि या माणसानं इथे बसून मराठीवरच्या फारसी प्रभावावर पुस्तक लिहिलं. अर्ज, तारीख, वकील, जमीन, दफ्तर... आपण तहसील कचेरीत जाऊन जे बोलतो त्यातलं निम्मं तिकडून आलंय. पण ते लिहायला उर्दू-फारसीच्या पंडिताला आधी मराठीकडे नीट बघावं लागलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. भाषेची सक्ती करणाऱ्या व्यवस्थेतच समोरच्याची भाषा वाचणारा माणूसही बसलेला होता.

सक्तीचा उलटा प्रकार म्हणजे मनाई. तो मुंबईत घडला, पण त्याचा शेवट इथे होतो. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत हवं होतं. अस्पृश्य म्हणून नाकारलं, फारसी घ्यावी लागली. बी.ए.लाही त्यांचे विषय फारसी आणि इंग्रजी. पुढे कोलंबियात अर्थशास्त्राचा डोंगर उपसताना त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक वर्ग केले. १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाला पत्र लिहिलं ते जर्मनमध्ये. शिकायचं काय होतं? संस्कृत. मुंबईत बंद झालेलं दार जर्मनच्या किल्लीनं उघडायला निघालेला माणूस! शेवटच्या वर्षांत ते पालीकडे वळले, शब्दकोशाचं काम केलं. १९५० मध्ये त्यांनी आपल्या शहरात कॉलेज काढलं, त्याचं मिलिंद हे नाव आणि परिसराचं नागसेनवन हे नाव, दोन्ही 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातून आलेली : प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. रिक्षावाल्याला 'मिलिंद कॉलेज' सांगताना आपल्या हे ध्यानातही नसतं.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेलं आणि उस्मानियातली उर्दूही गेली, माध्यम इंग्रजी झालं. १९५८ मध्ये आपलं मराठवाडा विद्यापीठ आलं. ज्या पिढीनं घाम गाळून उर्दू शिकली, तिच्या हातातलं नाणं चलनातून बाद झालं, असं सगळ्यांना वाटलं. सेतुमाधवराव पगडींसारख्यांनी ते चालवून दाखवलं. जन्म निलंग्याचा, नोकरी हैदराबादच्या मुलकी सेवेत. फारसीतली मोगल दरबारची बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली, म्हणून शिवकाळाची शत्रूच्या बाजूनं झालेली नोंद आपल्याला वाचता येते. आदिलाबादकडे असताना ते गोंडी आणि कोलामीही शिकले, त्याला तर कुठलेच मार्क नव्हते.

मग आलं २०२३. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूची रजिस्टरं. कपाटं उघडली तर आत मोडी, उर्दू, फारसी. आरक्षण कोणाला मिळावं यावर आपण इथे बोलत नाही आहोत, तो वेगळा विषय. पण अख्खा महाराष्ट्र ज्या कागदांकडे डोळे लावून बसला होता ते वाचणारी माणसं प्रशासनाला हुडकावी लागली. तीन पिढ्यांपूर्वी याच जिल्ह्यात कॉलेजला गेलेला प्रत्येक जण ते वाचू शकला असता.

माझे ऑफिसातले मित्र म्हणतात, एआय वाचेल की. छापील उर्दू वाचतंय, बऱ्यापैकी. पण तलाठ्याच्या हातची घसीट, जिला शिकस्त म्हणतात, तिथे ते गडबडतं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, 'कुणबी' लिहायचं तर क, न, ब, ई एवढंच कागदावर असतं, 'ण' नाहीच. घाईत नुक्ता सरकला की ब चा न होतो. तिथे नुसती उर्दू येऊन भागत नाही. गाव कोणतं, तिथली आडनावं कोणती, कोणता शब्द शक्य आहे, हे माहीत असलेलं मराठी डोकं लागतं, आणि त्याच डोक्यात उर्दूही लागते. दोन वेगवेगळी माणसं शेजारी बसवून हे काम होतं, पण कूर्मगतीनं, आणि बाहेर रांग लागलेली असते.

मोडीची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण तिथे भाषा आपलीच असते, फक्त लिपी वाचता येत नाही. पुढचा भाग त्यावर करू.