पाटी आणि पाळणा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे कार्यवाह भगिनींनी सांगितले, तेव्हा मला आमच्या घरची पाळणा हलविणारी मुलगी आठवली. मी तेव्हा चौथीत होते. ती माझ्याच वयाची. धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी आईने तिला गावाहून आणविले होते. जेवणखाण, दोन परकर-पोलकी, आणि थोडे पैसे तिच्या वडिलांना. आई तिला मायेने वागवी. पण मी दप्तर घेऊन निघाले, की ती पाळण्याची दोरी धरून दाराकडे पाहात राही. एकदा तिने विचारले, "ताई, माझं नाव कसं लिहितात?" मी पाटीवर लिहून दाखविले. संध्याकाळी गणिते करायला तीच पाटी मी पुसली. तिने पुन्हा विचारले नाही, आणि मीही दाखविले नाही.

मुलांच्या मजुरीचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो. कायद्यालाही प्रथम कारखानाच दिसला. १८५६ साली मुंबईत पहिली सूतगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावायला लहान हातांची मागणी वाढली. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे सात वर्षांचे मूल नऊ तास राबले, तरी ते कायद्याला धरूनच! १८९१ साली ही वयोमर्यादा नऊ झाली आणि १९२२ साली बारा. मुलांचे तास सहावर आले, तेव्हा काही आईबाप एकाच दिवशी मुलाला दोन गिरण्यांत पाठवू लागले. १९२६ साली त्याबद्दल पालकांनाच दंड ठेवावा लागला. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण पोटाची खळगी कायद्याने भरत नाही.

शाळेची वाट निराळी चालली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मांडले. १९११ साली गोखल्यांनी त्यासाठी विधेयक आणले. त्यातही सक्ती प्रथम मुलग्यांपुरतीच होती, आणि पुढच्या वर्षी तेही फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत व खाणींत मनाई केली, आणि दहा वर्षांत सर्वांना शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. प्रत्यक्षात शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी.

आणि घर? भगिनींनो, घरकामासाठी लहान मुले ठेवण्यास बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ रोजी. १८८१ पासून मोजले, तर सव्वाशे वर्षांनी! कारखान्याच्या दारावर निरीक्षक गेला. आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मात्र कायदा इतकी वर्षे थांबला. कारण तिथे राबणाऱ्या मुलीला कोणी मजूर म्हणतच नव्हते. मीही म्हटले नव्हते.

हे सारे जुने झाले, असे समजू नका. २०११ च्या जनगणनेत देशात एक कोटीहून अधिक बालकामगार आढळले. शिवाय दिवाळीनंतर बीडकडील ऊसतोड कुटुंबे फडावर निघतात, तेव्हा धाकट्याला सांभाळायला म्हणून थोरली मुलगी बरोबर जाते. पटावर तिचे नाव राहते, पण वर्गात ती नसते. अशा मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली, ती याचसाठी.

आमचा भाऊ बालवर्गात जाऊ लागला, तेव्हा त्याला शाळेच्या फाटकापर्यंत पोचविण्याचे काम तिचेच होते. फाटकापर्यंतच. वर्ष संपले, आणि ती गावी परत गेली.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपल्या वस्तीत मजुरीला जाणाऱ्या बायांसाठी या वर्षी पाळणाघर सुरू करावे. तान्ह्याची सोय झाली, तर त्याची थोरली बहीण शाळेत जाऊ शकेल. दुपारचे दोन तास माझे धरावेत.