सैन्यनिवड आणि मोहिमेचा प्रकार : वऱ्हाडातील १८०३ च्या युद्धाच्या प्रकाशात युद्धखेळाचा विचार

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही पक्षांचे सैन्य सारखे असते आणि दोघांचे उद्दिष्टही एकच, म्हणजे प्रतिपक्षाच्या राजास मात देणे, हे असते. त्यामुळे या खेळात समतोल शोधावा लागत नाही. तो नियमांतच दिलेला असतो. इतिहासातील युद्धे मात्र अशी नसतात. तेथे सैन्ये विषम असतात आणि उद्दिष्टेही भिन्न असतात. एकास रसद लुटावयाची असते, दुसऱ्यास ती सुखरूप पोहोचवावयाची असते; एकास किल्ला घ्यावयाचा असतो, दुसऱ्यास केवळ काही दिवस तग धरावयाचा असतो.

ही विषमता पटावर आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न प्रशियात झाला. राइसविट्झ या सेनाधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाच्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात उद्दिष्ट ठरवून देण्याचे काम पंचाकडे होते. पुढे एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांचा युद्धखेळ सामान्य वाचकांपर्यंत नेला. आजच्या युद्धखेळांपैकी अनेकांत प्रत्येक पथकास गुणमूल्य देऊन दोन्ही बाजूंची बेरीज सारखी राखतात. ही बेरीज जुळली म्हणजे समतोल साधला, हे गृहीत कितपत टिकते, याची परीक्षा वऱ्हाडच्या इतिहासात घेता येते.

अमरावतीच्या पश्चिमेस असलेल्या भातकुलीच्या परिसरातून उत्तरेकडे पाहिल्यास या परीक्षेचा पटच समोर येतो. पेढी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यातील ही काळी, सपाट जमीन पावसाळ्यात चिखलाने वाट अडविते, तर हिवाळ्यात घोडदळास मोकळी होते. पश्चिमेस याच खोऱ्यात, आजच्या अकोला जिल्ह्यात, अडगाव आहे. उत्तरेस मेळघाटच्या डोंगरावर गाविलगड आहे. एकाच सैन्याचे मोल थोड्या अंतरावर किती पालटते, हे या दोन स्थळांवरून ध्यानात येते.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने वेल्स्लीच्या सैन्यास सुमारे सोळाशे मृत, जखमी व बेपत्ता इतकी हानी सोसावयास लावली. त्यानंतर ऑक्टोबरच्या अखेरीस रघूजी भोसल्यांच्या सुमारे पाच हजार स्वारांनी अंबडजवळ इंग्रजांच्या हजारो बैलांच्या रसदतांड्यावर हल्ला केला. रसद तोडणे हे हलक्या घोडदळाचे खास काम. तरीही संख्येने अगदी लहान अशा संरक्षक तुकडीने बंदुका व दोन तोफा यांच्या बळावर तो परतविला. प्रकार योग्य होता, पण आश्रयास राहिलेले पायदळ हटविण्याचे साधन स्वारांपाशी नव्हते.

२९ नोव्हेंबर रोजी अडगावास याच्या उलट घडले. व्यंकोजी भोसले ऊर्फ मन्याबापू यांनी पायदळ, तोफा व घोडदळ मैदानात एका लांबलचक रांगेत मांडले. उजव्या बाजूस शिंद्यांचे घोडदळ होते. प्रारंभी तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्या तीन शिपाई पलटणी विस्कळीत झाल्या. वेल्स्लीने त्या पुन्हा सावरल्या. दिवस मावळण्यास थोडाच अवधी उरला असता त्याने चाल केली आणि चांदण्यात पाठलाग झाला. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांची हानी मात्र सुमारे साडेतीनशे, म्हणजे असईच्या चतुर्थांशाहूनही कमी होती. ज्या घोडदळाचे बळ चपळाईत, ते येथे स्थिर रांगेचे एक टोक होऊन बसले.

अडगावहून निसटलेल्या पायदळाचा काही भाग गाविलगडात शिरला. किल्लेदार बेनीसिंग याच्यापुढे आता बचावाची मोहीम होती. दक्षिणेकडील कड्याने आपले काम चोख केले. तिकडील तोफांचा मारा परिणामकारक ठरला नाही. परंतु स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढीत जड तोफा उत्तरेच्या बाजूस लबाडा गावाजवळ आणल्या. १५ डिसेंबर रोजी तटास खिंडार पाडून किल्ला घेण्यात आला आणि बेनीसिंग मारला गेला. दुर्गमतेवर विसंबलेल्या शिबंदीस शत्रूच्या तोफा घाटात असतानाच त्यांस उपद्रव देणारे हलके सैन्य हवे होते; ते गडावर नव्हते.

मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती सैन्य उभारले, हेच पराभवाचे कारण, असे मत पुष्कळदा मांडले जाते. वरील घटनाक्रमाने ते पूर्णतः सिद्ध होत नाही. असईस कवायती सैन्यानेच शत्रूस सर्वाधिक हानी पोहोचविली आणि अंबडला स्वारांचा छापाच फसला. खरा पेच उद्दिष्टाचा होता. गनिमी काव्यास मागे हटण्यासाठी मुलूख लागतो. सतराव्या शतकात तो उपलब्ध होता. १८०३ मध्ये वऱ्हाड हा भोसल्यांच्या वसुलीचा मुलूख बनलेला होता. तो सोडून हटणे म्हणजे ज्यासाठी लढावयाचे तेच गमावणे. सैन्यातील मोठा भाग चढाईच्या घोडदळाचा आणि मोहीम मात्र मुलूख राखण्याची, ही विसंगती राज्याच्या वाढीतूनच उद्भवली होती. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड व कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेले. गाविलगड व नरनाळा हे किल्ले लगतच्या काही मुलखासह त्यांच्याकडे राहिले. शिंद्यांशी ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे तह झाला.

यावरून युद्धखेळाच्या रचनेविषयी एक निष्कर्ष निघतो. पथकाचे गुणमूल्य मोहीम ठरण्यापूर्वी निश्चित करणे सदोष होय. पाच हजार स्वारांचे मोल मोकळ्या मैदानातील पाठलागात एक, रसदतांड्यापुढे दुसरे आणि तटाआड तिसरे. म्हणून समतोल साधावयाचा तो सैन्याच्या बेरजेत नव्हे, तर यशाच्या निकषात. अडगावचा पट मांडताना मराठी बाजूस विजयाऐवजी अंधार पडेपर्यंत तोफा सुरक्षित मागे नेण्याची कामगिरी दिली, तर तीच विषम सैन्ये न्याय्य स्पर्धा करू शकतील. तसेच मोहीम आधी गुप्त ठेवून सैन्य निवडावयास लावल्यास एकाच अंगावर भर देण्याचा मोह आपोआप आवरला जाईल.

इतिहासाच्या अभ्यासकासही हाच निकष उपयोगी आहे. कोणाचे सैन्य बलवान होते, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या कामगिरीसाठी बलवान होते, हे विचारले पाहिजे. पटावर उद्दिष्ट पंच ठरवितो. अडगावच्या सेनानायकांपुढे मात्र ते आधीच ठरून आले होते, आणि ते ठरविले होते त्यांच्याच राज्याच्या वसुलीने.