जोगलटेंभीचीं नाणीं आणि ठशांची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे शिलालेख, ताम्रपट आणि बखरी यांचीं नांवें प्रथम ओठांवर येतात. नाणें त्या मानानें अल्पाक्षरी. त्यावर राजाचें नांव, एखादें चिन्ह, फार तर एक मुखवटा. तथापि या अल्पाक्षरी साधनाला योग्य रीतीनें बोलतें केलें तर तें शिलालेखालाही दुजोरा देतें. ही रीत कोणती, हें नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथील ठेव्यावरून चांगलें समजतें.

१९०६ सालीं या गांवीं चांदीचीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. तीं सारीं क्षहरात कुळांतील क्षत्रप नहपान याच्या नांवाचीं होतीं. दुसऱ्या कोणा राजाचें मूळ नाणें त्यांत नव्हतें. मात्र सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उठविला होता. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व भोंवतीं त्याचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. नाशिकच्या लेण्यांत त्याची माता बलश्री हिच्या शिलालेखांत क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणून त्याचा गौरव आहे. त्या गौरवाला या चांदीनें साक्ष दिली.

अशीं नाणीं ओळखावयाचीं तर पहिला आधार सूचीचा. ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व पश्चिम क्षत्रप नाण्यांची रॅप्सन यांनीं केलेली सूची १९०८ सालीं प्रसिद्ध झाली. अशा सूचींत प्रत्येक नाण्याचा अनुक्रमांक, धातु, वजन, आकार, दोन्ही बाजूंवरील अक्षरें व चिन्हें नमूद असतात आणि अखेरीस चित्रफलक जोडलेले असतात. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस मुखवटा व भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत नांव. नाणें झिजलेलें असो वा त्यावर दुसरा ठसा बसलेला असो, जीं चार-दोन अक्षरें वांचलीं असतील तीं सूचींतील पूर्ण लेखाशीं ताडून पाहतां मूळ नाणें ओळखतां येतें.

परंतु सूची ज्याला ‘प्रकार’ म्हणते तो आणि ‘ठसा’ हे एक नव्हेत. एका प्रकारांत अनेक ठसे असूं शकतात. त्या काळीं खालचा ठसा ऐरणींत बसवीत, त्यावर चांदीची चकती ठेवीत आणि वरच्या ठशावर घण घालीत. प्रत्येक ठसा कारागीर हातानें कोरी. म्हणून कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसत. नाण्याचा ठसा ओळखतांना झीज, कडेला सरकलेला छाप किंवा दुहेरी आघात यांना भुलूं नये. नाकाच्या टोकासमोर कोणतें अक्षर येतें, बाणाचें अग्र कोणत्या अक्षराकडे वळलें आहे, दोन अक्षरांत किती अंतर आहे, हें पाहावें. या गोष्टी ठशांतच कोरलेल्या असल्यामुळें त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तशाच उतरतात.

या सूक्ष्म पाहणीवर इतिहासांतील एक मोठा प्रश्न अवलंबून आहे. जोगलटेंभीच्या ठेव्याचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं केला. त्यांना मुखवटे परस्परांहून अगदीं भिन्न दिसले. भेद केवळ वयाचा नव्हे, तर चेहऱ्याच्या ठेवणीचाही. त्यावरून त्यांनीं तर्क केला कीं, हे एकट्या नहपानाचे मुखवटे नसून त्याच्या कुळांतील अनेक पुरुषांचे असावेत, आणि प्रत्येकानें मूळ पुरुषाचें नांव कायम ठेवलें असावें. हा तर्क मान्य केला तर नाण्यावर नहपानाचें नांव आहे, एवढ्यावरून गौतमीपुत्राचा सामना खुद्द नहपानाशींच झाला असें म्हणतां येणार नाहीं, आणि दोघांच्या काळाची सांगडच सुटते.

येथें ठशांची साक्ष उपयोगी पडते. वरच्या ठशावर घणाचा घाव थेट पडे, म्हणून तो लवकर फुटे. खालचा ठसा अधिक काळ टिके आणि त्याच्या जोडीला एकामागून एक नवे ठसे लागत. दोन निरनिराळे चेहरे असलेल्या नाण्यांची मागची बाजू एकाच ठशाची निघाली, तर तीं एकाच टांकसाळींत, थोड्या काळाच्या अंतरानें पाडलीं गेलीं हें सिद्ध होतें. मग चेहऱ्यांतील फरक पिढ्यांचा नव्हे, कोरणाऱ्या हातांचा ठरतो. उलट असे दुवे कोठेंच न जुळले, तर स्कॉट यांच्या तर्काला पुष्टि मिळते.

शिलालेखांचा कल मात्र एकाच पुरुषाकडे आहे. नहपानाच्या काळच्या नाशिक व जुन्नर येथील लेखांत ४१ ते ४६ हीं वर्षें येतात. तीं शक संवताचीं मानल्यास त्याचा काळ इ. स. ११९ ते १२४ येतो. आतां पुष्कळ विद्वान त्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ठेवतात. गौतमीपुत्र आपल्या १८ व्या राज्यवर्षाच्या लेखांत जें शेत भिक्षूंना देतो, तें तोंवर उषवदाताच्या भोगवट्यास होतें असें तो लेख सांगतो; आणि नहपानाच्या जांवयाचें नांव उषवदातच होतें. येथें दोन राजवटींमध्यें पिढ्यांचें अंतर मानण्यास जागा फारशी उरत नाहीं.

म्हणून सूचींतील अनुक्रमांक सांपडला कीं काम संपलें, असें नाणेंसंग्राहकानें समजूं नये. नाणें कोणाचें, हें सूची सांगते. तें कोणत्या नाण्याचें भावंड, हें ठसा सांगतो. ठेवा एकत्र असतांनाच त्यांतील प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें व वजनें नोंदविलीं पाहिजेत. नाणीं एकदां संग्रहासंग्रहांत विखुरलीं म्हणजे चांदी शिल्लक राहते, पण भावंडांची ओळख पटविणें दुर्घट होतें, आणि तिजबरोबर इतिहासाचा एक पुरावाही हातचा जातो.