अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला पहिला दाणा कधी द्यायचा?

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस खाल्ल्यापिल्याशिवाय जगू शकतं. हे खरं आहे, आणि घोळही इथूनच सुरू होतो.

२१ दिवसांची उबवण संपत आली की अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. हीच त्याची शिदोरी. त्यात चरबी, प्रथिनं आणि आईकडून आलेल्या अँटीबॉडीज असतात. या शिदोरीच्या जोरावर पिल्लं खोक्यात भरून लांब पाठवता येतात; अमेरिकेत तर १९१८ पासून ती टपालाने जातात.

पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं लहान आतडं बाकी शरीरापेक्षा जास्त वेगाने वाढतं. आतड्याच्या आत बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस तेच शोषतात. दाणा पोटात गेला की त्यांची वाढ जोर धरते, उशीर झाला की रखडते. 'आधी बलक संपू दे, मग खायला घालू' हा समज तर उलटाच आहे. खाल्लेल्या पिल्लाचा बलक लवकर वापरला जातो, कारण आतड्याची हालचाल सुरू झाली की बलकही पुढे सरकतो. हॅचरीत मात्र पहिलं आणि शेवटचं पिल्लू यांत दिवस-दीड दिवसाचं अंतर पडतं. मग निवड, लस, गाडीचा प्रवास. काहींना पहिला घास मिळेपर्यंत ४८ ते ७२ तास उलटतात.

दुसरा मुद्दा जंतूंचा. खुडूक कोंबडीखालचं पिल्लू आईच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जंतू उचलतं. यंत्रात उबवलेल्याला आईच भेटत नाही. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला बस्तान बसवता येत नाही. एसटीच्या सीटवर आधी कुणी रुमाल टाकला, तसंच हे! पहिल्याच दिवशी पाण्यात अँटिबायोटिक टाकायची सवय म्हणूनच घातक. त्यात चांगले जंतूही मरतात. कोलिस्टिन तर कोंबड्यांसाठी वापरायला भारतात २०१९ पासून बंदी आहे.

शेडमध्ये करायचं काय? पिल्लं येण्याआधी ब्रूडरखाली ३२ ते ३५ अंश ऊब हवी. गारठलेलं पिल्लू खात नाही, घोळका करून बसतं. आधी कोमट पाणी, पाठोपाठ कागदावर पसरलेला भरडा. गूळपाण्याने थकलेल्या पिल्लाला तरतरी येते, पण ते खाद्य नव्हे, आणि तासन्तास ठेवलं तर आंबतं.

दुसऱ्या दिवशी काही पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी हलकेच चाचपून बघा. भरलेली आणि मऊ लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोचलंय. भरलेली पण कडक असेल तर पाणी कमी पडतंय. रिकामी लागणारी पिल्लं जास्त निघाली, तर आधी ऊब तपासा, मग भांडी त्यांच्या चोचीला पोचतात का ते.