हृदयधमन्यांचा जन्मजात दोष : प्रौढांनी काय जाणावे?

अमेरिकेचा ख्यातनाम निवृत्त बास्केटबॉलपटू पीट मॅराविच ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियात मित्रांसमवेत खेळताना कोसळला आणि मरण पावला. त्याचे वय ४० वर्षे होते. त्याला डावी कोरोनरी धमनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात उघड झाले. व्यावसायिक बास्केटबॉलचे दहा हंगाम खेळूनही हा दोष कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या डाव्या व उजव्या कोरोनरी धमन्या महारोहिणीच्या मुळाशी आपापल्या जागी उगम पावतात. अँजिओग्राफी झालेल्या सुमारे एक टक्का रुग्णांमध्ये यांचा उगम वा मार्ग वेगळा आढळतो. त्यातील बहुतेक प्रकार निरुपद्रवी असून त्यांना उपचार लागत नाहीत.

धोका कोठे?

डावी धमनी उजव्या बाजूने निघून महारोहिणी व फुफ्फुसधमनी यांच्यामधून जात असेल, तर तो प्रकार सर्वाधिक घातक मानला जातो. तिचे मुख अनेकदा फटीसारखे अरुंद असते व काही अंतर ती महारोहिणीच्या भिंतीतूनच जाते. श्रमाच्या वेळी रक्ताची गरज वाढते, पण पुरवठा अपुरा पडतो. डाव्या बाजूने निघणारी उजवी धमनी अधिक आढळते. तिचा धोका तुलनेने कमी असतो.

निदान व उपचार

श्रम करताना छातीत दुखणे, धाप लागणे वा शुद्ध हरपणे ही लक्षणे तरुण वय पाहून दुर्लक्षू नयेत. ईसीजी व ट्रेडमिल चाचणी निर्दोष आली तरी हा दोष नाही, असे म्हणता येत नाही. धमनीचा मार्ग सीटी अँजिओग्राफीत स्पष्ट दिसतो.

दोषामुळे लक्षणे उद्भवत असतील किंवा रक्तपुरवठा अपुरा असल्याचे सिद्ध झाले, तर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. डाव्या धमनीच्या घातक प्रकारात लक्षणे नसतानाही तिचा विचार होतो. भिंतीतील मार्ग उघडून मुख रुंद करणे किंवा धमनी योग्य जागी पुन्हा जोडणे, हे प्रमुख पर्याय आहेत. बायपास सहसा पहिली निवड नसते. मूळ धमनीतून विश्रांतीच्या वेळी पुरेसे रक्त वाहत असल्याने जोडलेली वाहिनी बंद पडू शकते.

धमनीचा काही भाग हृदयस्नायूत दबलेला असल्यास त्रास होणाऱ्यांना प्रथम बीटा ब्लॉकर औषधे देतात. नायट्रोग्लिसरीनने मात्र त्यांचा त्रास वाढू शकतो. लक्षणे नसलेल्या इतरांना बहुधा नियमित तपासणी पुरेशी ठरते. मात्र स्पर्धात्मक खेळापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांची अनुमती घेणे आवश्यक आहे.