ईडन यांचें पित्त आणि सुवेझचा कालवा

माणूस संतापला म्हणजे त्याचें पित्त खवळलें असें आपण म्हणतों, आणि हें बोलणें अलंकारिक आहे याचें आपणांस स्मरणहि राहत नाहीं. इंग्लंडच्या एका मुख्य प्रधानाविषयीं मात्र हीच गोष्ट गंभीरपणें व कागदपत्रांच्या आधारें मांडली गेली आहे. १९५६ सालीं सर अँथनी ईडन यांनीं सुवेझच्या कालव्यासाठीं ईजिप्तवर केलेली स्वारी म्हणजे त्यांच्या बिघडलेल्या पित्तमार्गाचें फळ, असें हें मत आहे. इतिहासाच्या अभ्यासकास तें हंसून सोडून देतां येत नाहीं. कारण तें खरें मानलें तर साम्राज्याच्या अस्ताचीं कारणें शोधण्यास दफ्तरखान्याऐवजीं रुग्णालयांत जावें लागेल.

हकीगत अशी. पित्त यकृतांत तयार होतें. पित्ताशय ही त्याची केवळ सांठवणीची पिशवी. यकृताकडून आंतड्याकडे जाणारी मुख्य नलिका आणि पिशवीस तिच्याशीं जोडणारी लहान नळी ह्या अगदीं लगत असतात. पिशवींत खडे झाल्यास ती समूळ काढून टाकावी, ही युक्ति बर्लिनच्या लांगेनबुख यांनीं १५ जुलै १८८२ रोजीं प्रथम यशस्वी करून दाखविली. पिशवीवांचून मनुष्य सुखानें जगतो. मुख्य नलिका बंद पडली तर मात्र त्याची धडगत नाहीं. १२ एप्रिल १९५३ रोजीं लंडनांत ईडन यांच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली, तींत हीच नलिका दुखावली. महिना संपण्यापूर्वीं दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. तीहि पुरी पडली नाहीं, तेव्हां जूनमध्यें बोस्टन येथें डॉ. कॅटेल यांनीं यकृताकडून येणारा मार्ग थेट लहान आंतड्यास जोडून दिला. प्राण वांचले. पण अशा सांध्यावर वण धरतो, वाट अरुंद होते, तुंबलेल्या पित्तांत जंतु वाढतात, आणि मग हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशींत कळ व कावीळ हें त्रिकूट उभें राहतें. फ्रेंच वैद्य शार्को यांनीं १८७७ सालीं वर्णिलेलें हें दुखणें ईडन यांस पुढें केव्हांहि गांठूं शकत होतें.

५ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यानें गांठलेंच. रुग्णालयांत असलेल्या पत्नीस भेटण्यास ते गेले असतां त्यांनाच हुडहुडी भरली आणि ताप १०६ अंशांपर्यंत चढला. थोड्याच दिवसांत ते पुन्हां कामावर आले. त्या काळांत ते उत्तेजक गोळ्याहि घेत होते. २४ ऑक्टोबरला सेव्र येथें ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांचा गुप्त करार झाला. २९ तारखेस इस्रायलनें चढाई केली. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश व फ्रेंच छत्रीधारी उतरले, आणि दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेच्या दडपणाखालीं व पौंडाच्या धास्तीनें युद्ध थांबवावें लागलें. स्वतः डॉक्टर असलेले व पुढें परराष्ट्रमंत्री झालेले डेव्हिड ओवेन यांनीं, आजार व औषधें यांचा ईडन यांच्या निर्णयबुद्धीवर परिणाम झाला होता, असें प्रतिपादिलें आहे. दोन्ही धंदे जाणणाऱ्याच्या ह्या मतास वजन आहे.

तरीहि तारखा आडव्या येतात. नासरनें कालवा २६ जुलैला ताब्यांत घेतला, आणि अखेरचा उपाय म्हणून बळाचा वापर करण्याचें तत्त्व ब्रिटिश मंत्रिमंडळानें दुसऱ्याच दिवशीं मान्य केलें. म्हणजे तापाच्या दहा आठवडे आधीं! त्या मंत्रिमंडळांत मॅकमिलन होते, व ते ईडन यांच्याइतकेच आवेशांत होते. पॅरिसमध्यें मोले व इस्रायलांत बेन-गुरियन यांच्या पित्तनलिका तर कोणीं कापल्या नव्हत्या. मात्र १९५४ सालीं जिनिव्हा येथें तडजोडीचें कौशल्य दाखविणाऱ्या मुत्सद्द्यानें २० डिसेंबरला, इस्रायलच्या हल्ल्याची आपणांस पूर्वकल्पना नव्हती, असें पार्लमेंटांत धडधडीत सांगावें, हें ज्वराशिवाय उलगडत नाहीं असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं.

आमच्या मतें ह्या नलिकेनें इतिहासास खरें वळण दिलें तें १९५३ सालीं. २३ जूनला चर्चिल यांस पक्षाघाताचा झटका आला, आणि तो लोकांपासून लपविण्यांत आला. त्यांचे ठरलेले वारस त्या वेळीं बोस्टनच्या रुग्णालयांत पडून होते. परराष्ट्रखातें लॉर्ड सॅलिसबरी यांनीं संभाळलें, मंत्रिमंडळाच्या बैठका बटलर यांनीं चालविल्या, आणि चर्चिल सावरून १९५५ च्या एप्रिलपर्यंत गादीवर राहिले. ईडन धडधाकट असते तर त्या उन्हाळ्यांतच सत्ता त्यांच्याकडे आली असती, असें आम्हांस वाटतें. सुवेझवर लिहिणारे बहुतेक जण ही गोष्ट एका वाक्यांत उरकतात.

९ जानेवारी १९५७ रोजीं ईडन यांनीं प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. तें निमित्त आहे, असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें. त्याच वर्षाच्या एप्रिलांत बोस्टनला त्यांच्यावर पुन्हां शस्त्रक्रिया झाली, व १९७० मध्यें आणखी एक. १४ जानेवारी १९७७ रोजीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं, ते कर्करोगानें वारले.